साठ टक्क्यांच्या वर

बाजारात त्यांना भाववाल्या बाई म्हणत. कचेरीत आम्ही नुसतंच बाई म्हणायचो. त्या मला साहेब म्हणायच्या. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि साहेब म्हणावं असं माझ्याकडे खुर्चीशिवाय काही नव्हतं, पण सरकारी कचेरीत खुर्चीलाच वय असतं.

आमची कचेरी किमती गोळा करते. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बाई खाकी पिशवी खांद्याला लावून बाजारात जायच्या आणि दोनशे चौदा वस्तूंचे भाव लिहून आणायच्या. वस्तू कशी हवी ते छापील असायचं. पुरुषाचा शर्ट, पांढरा, सुती, पूर्ण बाह्यांचा, खिसा एकच. दोन खिशांचा शर्ट समोर टांगलेला असला आणि दुकानदार हातापाया पडला, तरी बाई त्याचा भाव लिहायच्या नाहीत. भाजी वाट्यावर विकतात, तर त्या तीन बायकांकडचे तीन वाटे स्वतःच्या स्प्रिंगच्या काट्यावर तोलून सरासरी काढायच्या. सत्तावीस वर्षं त्यांनी हे केलं. एकदाही घरी बसून आकडे ठोकून दिले नाहीत, आणि आमच्या खात्यात हे किती दुर्मिळ आहे ते मी सांगू नये हेच बरं.

त्यांची आई पाच मुलींना घेऊन मंडईमागच्या एका खोलीत राहायची. बाजारहाट या मधल्या मुलीकडे होता, कारण घरात पैसा कमी आणि हिची जीभ तयार. तिथे त्या घासाघीस शिकल्या, आणि अशी शिकल्या की तो मामला पाहायला लोक थांबत. त्या ‘महाग आहे’ असं कधी म्हणायच्या नाहीत. वस्तू हळूच जागेवर ठेवायच्या, दुकानदाराच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, मग पाठ फिरवून चालू लागायच्या. सातव्या पावलाला हाक यायची. आमच्या एका कारकुनाने पावलं मोजली होती; आठवं पाऊल त्याने पाहिलं नाही.

आणि हे नुसतं दाखवण्यापुरतं नव्हतं. भावाच्या मंगळवारी आसपासच्या चार-पाच बायका पिशव्या घेऊन बाईंच्या मागोमाग फिरायच्या. बाईंनी भाव पाडला की मागून आवाज यायचा, “आम्हालाही त्याच भावात!” दुकानदार कपाळाला हात लावायचे. कापडवाला शेठ तर त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, “आल्या! बुडालो! बाई, बसा, चहा घ्या, पण तोंड उघडू नका!”

त्यांचे यजमान बुटांच्या कारखान्यात कटर होते. कातडं समोर पसरलं की ते घटकाभर नुसते बघत बसायचे, मग त्यावर बुटाचे पुठ्ठ्याचे नमुने असे मांडायचे की इतरांना ज्या कातड्यातून सहा जोड निघत त्यातून यांचे सात निघत. अबोल माणूस. बाई घरी आल्या की दिवसभराचा बाजार नकला करून सांगायच्या, आणि ते हसता हसता डोळे पुसायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांनी एकमेकांनाच लाडावून ठेवलं होतं.

मग सात देशांचा संघ झाला. सीमेवरची जकात उठली. माल मोकळा फिरेल, मग पैसा फिरेल, मग मागे पडलेले देश भराभर चालून पुढच्यांना गाठतील, असं आम्हाला सांगण्यात आलं. सांगणारे शिकलेले होते. शेजारच्या मोठ्या देशातून बूट आले. आमच्या कारखान्याला नुसतं कातडं ज्या भावात पडायचं, त्याहून स्वस्तात तो अख्खा जोड मिळत होता, वर डबा फुकट. बाईंनीच तो भाव लिहून आणला. फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “साहेब, आमच्या घरातला एक पगार गेला समजा.” चौदा महिन्यांत नऊशे माणसांच्या कारखान्याला टाळं लागलं.

संघ अगदीच निर्दयी नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. ज्या देशाचं माणशी उत्पन्न सगळ्यांच्या सरासरीच्या साठ टक्क्यांखाली असेल, त्याला वर येईपर्यंत एका निधीतून मदत मिळायची. त्या निधीतून आमच्या गावात एक चांगली गोष्ट झाली. बंद कारखान्याच्या जेवणघरात डायलिसिसचं केंद्र उघडलं. चार मशीन, दोन नर्सा, फुकट. तोवर बाईंच्या यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ज्या जागी बसून त्यांनी बावीस वर्षं डबा खाल्ला, त्याच जागी खाटेवर पडून ते रक्त धुऊन घ्यायचे. म्हणायचे, “कारखाना सुटत नाही बघा मला.” त्या चार मशीनवर त्यांचा जीव होता. हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या कचेरीला माहीत होतं.

आता माझी गोष्ट येते.

सहा वर्षांनी संघाने सातही देशांतल्या किमतींची एकदम मोजणी काढली. कुठल्या देशात पैशाला किती माल येतो ते बघून प्रत्येकाचं खरं उत्पन्न ठरवायचं होतं. जाडजूड नियमपुस्तक आलं. अकरा भाव-कारकुनांसमोर ते मी वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, विक्रेत्याने सांगितलेली नव्हे, तर ग्राहकाने प्रत्यक्ष मोजलेली किंमत नोंदवावी.

बाईंनी हात वर केला. “म्हणजे साहेब, घासाघीस करूनच लिहायचं ना?”

“अर्थात,” मी म्हणालो. “तुमच्यापेक्षा हे कोणाला चांगलं येणार? या दहाजणांना तुम्हीच शिकवा.”

बाई खुलल्या. इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस त्यांनी त्या दहाजणांना बाजारातून हिंडवलं. वस्तू कधी ठेवायची, गुडघा कधी विचारायचा, पाठ कधी फिरवायची. ते दहाजण आपापल्या गावी गेले आणि त्यांनी देशभरचे भाव पाडून आणले. आमचे फॉर्म सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वच्छ गेले. बाकीच्या देशांत किमतीची चिठ्ठी लावलेली दुकानं. तिथल्या कारकुनांनी चिठ्ठीवरचं उतरवून घेतलं आणि घरी गेले.

निकाल आला. आमचा देश साठ पूर्णांक तीन टक्के. वर आलो होतो. मंत्र्यांनी भाषण केलं, कचेरीत चहा झाला, हार आले. खरं म्हणाल तर सहा वर्षांत बदललं काय होतं? निम्मे तरुण शेजारच्या मोठ्या देशात कामाला गेले होते, त्यामुळे माणशी उत्पन्न काढताना भागायला डोकी कमी उरली होती. आणि भाव उतरले होते, निदान आमच्या फॉर्मवर. पण हार गळ्यात असताना असलं कोण बोलतं? मी तर मुळीच नाही. माझा फोटो निघाला त्या दिवशी.

अभिनंदनाला संघाच्या मुख्य कचेरीतून एक अधिकारी आला. गोड स्वभावाचा, तरुण, फळ्यावर लिहून समजावण्याची हौस असलेला. त्याने दोन माणसं काढली. दोघांना पगार शंभर. एकाच्या गावात शर्ट दहाला, दुसऱ्याच्या गावात आठला. “दुसरा जास्त श्रीमंत. म्हणजे नुसता पगार पाहायचा नाही, भावही पाहायचे. तुमच्याकडे भाव इतके कमी आहेत की तुम्ही वाटता त्यापेक्षा बरेच सुखी आहात.”

टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरून बाई उठल्या. “साहेब, एक विचारू का? म्हणजे मी जेवढा भाव पाडला, तेवढा देश श्रीमंत झाला?”

तो हसला. “एका अर्थी, हो.”

“आणि साठाच्या वर गेलेल्यांना निधी मिळत नाही.”

“गरजच उरत नाही ना मग!”

बाई खाली बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच फळ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकलं होतं, ते काय ते मला दुपारी कळलं. मी नियमपुस्तक पुन्हा उघडलं. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती: ग्राहक म्हणजे विक्रेता ज्याला ओळखत नाही असा सामान्य ग्राहक. ती मी वाचूनच दाखवली नव्हती. खरं सांगायचं तर ती मी पाहिलीच नव्हती. तळटिपा वाचायच्या असतात हे मी लोकांना शिकवतो.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या हाती तेच पान होतं. त्यांनी टीप दाखवली नाही, बोट ठेवलं नाही. “साहेब, नव्वद दिवसांत हरकत घेता येते असं पुढे लिहिलंय. चूक झाली असं कळवायचं आणि खरे भाव पुराव्यासकट जोडायचे. मी भाव परत काढते. अनोळखी माणसाला काय भाव पडतो तो. दुकानदारांची सही घेते.”

मी म्हणालो, “घ्या.” दुसरं काय म्हणणार?

बाईंना वाटलं होतं, सही मिळणं हातचा मळ आहे. सगळा बाजार ओळखीचा. पण घोडं पेंड खात होतं ते भलतीकडेच. कापडवाल्या शेठने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि सहीचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. तो प्रसंग बाईंनी मला जसाच्या तसा सांगितला. नक्कल करायची सवय त्या दिवशीही सुटली नव्हती.

“बाई, अहो, हा शर्ट मी परक्याला दहाला विकतो हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, देवाला ठाऊक. पण कराच्या कचेरीत मी आठच सांगतो. आता दहावर माझी सही घेऊन तुम्ही सरकारकडे जाणार, आणि ते सरकार समोरच्याच इमारतीत बसतं.”

“शेठ, ह्यांचं केंद्र बंद होईल हो.”

“माझ्या भावासारखे आहेत ते. सांगा, पैशाची मदत करतो. आत्ता देतो. सही नका मागू.”

चाळीस दुकानांत हेच झालं. अळीमिळी गुपचिळी. कोणी रडलं, कोणी साखरेची पिशवी पुढे केली, एकाने तर बाईंच्या पायाला हात लावला. बाईंना दिलेला भाव हाच ज्याचा त्याचा कागदावरचा भाव होता, आणि तो सोडायची कोणाची छाती नव्हती. सह्या मिळाल्या दोन. एक म्हातारा शिंपी, ज्याला कराची भीती वाटावी इतकी कमाईच नव्हती, आणि एक केरसुण्या विकणारी, जिने अंगठा दिला आणि विचारलं, “एवढ्याने होईल का गं बाई?”

एवढ्याने होणार नव्हतं. पण नियमाप्रमाणे आणखी एक मार्ग होता. मोजणी ज्याच्या देखरेखीखाली झाली त्याने लिहून दिलं की मोजणीच नियमाविरुद्ध झाली, तर दुकानदारांच्या सह्यांवाचून फेरतपासणी होऊ शकत होती. म्हणजे माझी सही.

बाईंनी तीन पानी अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून आणला. मी वाचला. ‘घासाघीस मी केली, इतरांना मीच शिकवली, चूक सर्वस्वी माझी आहे,’ असं त्यात होतं. मी ‘अर्थात’ म्हणालो होतो, ते त्यात नव्हतं. माझा उल्लेख फक्त शेवटी, ‘मा. साहेबांच्या सहीने पुढे रवाना व्हावा’ असा होता. मी तो माझ्या वरिष्ठांकडे नेला. त्यांनी पहिलं पान अर्धं वाचलं. “मंत्र्यांनी भाषण केलंय. आता आपण कळवायचं की माफ करा, आम्ही गरीबच आहोत? करा सही खुशाल. बाईंची नोकरी जाईल, तुमचीही जाईल. आणि केंद्र राहीलच याची खात्री कोण देतंय?”

मी जागेवर आलो. बाई टेबलाशी उभ्याच होत्या.

“ठेवून जा,” मी म्हणालो. “पाठवतो मी.”

त्या म्हणाल्या, “फार उपकार झाले, साहेब.”

अर्ज माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात राहिला. मुलीची शाळा, घराचे हप्ते, वयाची सत्तेचाळीस वर्षं, सगळी कारणं माझ्याकडे तयार होती, आणि ती खोटीही नव्हती. उद्या पाठवू म्हणता म्हणता नव्वद दिवस गेले. मी पाठवला नाही. बाईंनी विचारलं नाही. त्या विचारत नाहीत म्हणून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःची शिसारी यायची.

केंद्र बंद झालं. चारही मशीन खोक्यांत भरून संघातल्या एका अशा देशाकडे गेली जो अजून साठाच्या खाली होता. तिथे कोणाचे तरी प्राण वाचले असतील. मी हे स्वतःला सांगून पाहिलं आहे, त्याने काही होत नाही. आता डायलिसिस राजधानीत, बसने सहा तास, आणि तिथे पैसे पडत. बाईंचे यजमान आधी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले, मग एकदा. बाईंना रजा मिळेल तेव्हा सोबत, एरवी एकटे. रजेच्या अर्जांवर सही माझीच असायची. मी एकही नाकारला नाही. तेवढीच माझी मर्दुमकी.

एकदा ते मला बसथांब्यावर दिसले. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते. आयुष्यभर ज्या माणसाने बुटांचं कातडं कापलं, त्याच्या पायात आता कुठलाच बूट जात नव्हता. रबरी चपलांचे पट्टे कापून त्यांनी त्या पायाला दोरीने बांधल्या होत्या. मला पाहून त्यांनी लांबूनच दोन्ही हात जोडले. मला तेव्हा त्या नमस्काराचा अर्थ कळला नाही. घाईत असल्याचं दाखवून मी रस्ता ओलांडला.

पाचव्या महिन्यात ते गेले. बसमध्येच, खिडकीशी बसल्या जागी. येताना नाही, जाताना. कंडक्टरला वाटलं, झोप लागली आहे.

मी चौथ्या दिवशी बाईंच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर खिळ्याला पुठ्ठ्याचे बुटांचे नमुने टांगलेले, नंबरवार. खाटेवर घडी घातलेलं पांघरूण. बाईंची एक बहीण चहा ठेवून आत गेली. मी जे बोलतात ते बोललो. मोठा आघात, काही लागलं तर सांगा. बाई ऐकून घेत होत्या. बाजारातली एकही नक्कल त्या चेहऱ्यात उरली नव्हती.

मला वाटलं, आता तरी बोलावं. “बाई, तो अर्ज…”

“तुम्ही पाठवला नाहीत,” त्या म्हणाल्या. “जावकची वही मी पहिल्याच आठवड्यात पाहिली होती. रोज पाहायची. नव्वदाव्या दिवसापर्यंत.”

मी म्हणालो, “मला विचारलं का नाहीत? ओरडायचं होतं माझ्यावर.”

“ओरडले असते तर तुम्ही पाठवला असता, कदाचित. मग माझी नोकरी गेली असती. ती गेल्यावर केंद्र राहिलं असतं तर ठीक, नसतं राहिलं तर बसचं भाडं कुठून आणायचं होतं मी? मीपण हिशेबच केला, साहेब. तुम्ही तुमचा केलात, मी माझा केला. दोघांचेही चुकले.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. “राग आहे मला तुमचा. खूप आहे. तो तसाच राहील.”

मी मान खाली घातली. चहावर साय आली होती.

“पण एक सांगायचं राहिलंय, ते सांगते. ह्यांना मी खरं सांगितलं नाही. दर फेरीला निघताना विचारायचे, उत्तर आलं का संघाचं? मी म्हणायची, साहेबांनी स्वतः सही करून पाठवलाय, मोठ्या कचेऱ्यांना वेळ लागतो, येईल. नाहीतर त्या बसमध्ये ते चढलेच नसते. त्यांचा तुमच्यावर फार जीव बसला होता. त्या दिवशीही बसमध्ये चढताना म्हणाले, नोकरी पणाला लावली त्या माणसाने आपल्यासाठी, त्याचं आणि त्याच्या मुलीचं कल्याण होवो.” बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं. “त्यांचा शेवटचा शब्द आहे तो, मला ठेवून घेता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगितला. चहा घ्या, निवतोय.”

मी चहा घेतला.